ट्रॉलीची चॅसी: संगणकावर तपासायची की हंगामात?

सांगली-कोल्हापूरकडच्या, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉली बनवणाऱ्यांचा हंगाम संपला की ठरलेला फोन येतो. "दांडीला (ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणाऱ्या भागाला) पुन्हा चीर गेली. सिम्युलेशन करून घेऊ, की जाड पट्टी मारून पुढचा हंगाम बघू?" मी पुण्यात हेच काम, म्हणजे चॅसीची (सांगाड्याची) संगणकावरची चाचणी, करतो. कुठल्या मार्गाने पैसे वसूल होतात आणि कुठल्याने वाया जातात, ते माझ्या अनुभवातून सांगतो.

बनवा, चालवा, मोडेल तिथे दुरुस्त करा, या जुन्या पद्धतीला मी नावं ठेवणार नाही. उसाने खच्चून भरलेली ट्रॉली, शेतातून रस्त्यावर चढतानाचा बांध, कारखान्याच्या वाटेवरचे खड्डे... इतकी खरी परीक्षा संगणकात होत नाही. पण निकाल लागायला ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च उजाडतो, आणि तोही एकाच डिझाइनचा. शिवाय चीर बहुतेक वेळा गसेटच्या (सांध्याला आधार देणाऱ्या तिकोनी प्लेटच्या) वेल्डच्या काठावर सुरू होते. तिथे पट्टी मारली की ती जागा ताठ होते, ताण पट्टीच्या टोकाशी सरकतो आणि पुढच्या वर्षी चीर तिथे दिसते. अशा तीन-तीन पट्ट्या चढलेल्या दांड्या मी पाहिल्या आहेत. वजन वाढत गेलं, दुखणं तेच राहिलं.

संगणकावरचे मार्ग दोन आहेत आणि ते एकच समजून लोक फसतात.

पहिला एफईए (फायनाइट एलिमेंट अ‍ॅनालिसिस). यात चॅसीचे हजारो बारीक तुकडे पाडून, भार दिल्यावर ती कुठे किती वाकते आणि ताण कुठे साचतो ते काढतात. याची खरी ताकद तुलनेत आहे: गसेट असा ठेवला तर काय, तसा ठेवला तर काय, याचं उत्तर एका दुपारी मिळतं. काही समजुतीही मोडतात. भारी ग्रेडचं पोलाद घेतलं की चॅसी कमी वाकेल असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. साधं असो की हाय टेन्साइल (जास्त ताकदीचं), पोलादाचा ताठपणा सुमारे 210 गिगापास्कलच असतो. महाग ग्रेडने वेल्डच्या काठावरची फटीगची (वारंवारच्या भाराने येणारी) चीरही थांबत नाही. उलट 10 ऐवजी 12 मिलिमीटरची प्लेट वाकायला 1.73 पट ताठ असते, कारण तिथे जाडीचा घन लागू होतो.

एफईएची कमजोरी भारात आहे. तुम्ही सांगाल तोच भार ते धरतं. नुसतं उसाचं वजन दिलं तर दांडी ठणठणीत दिसते, कारण ती उभ्या वजनाने मोडतच नाही. ब्रेक मारल्यावर मागून येणारा रेटा आणि खड्ड्यातले हिसके तिला मोडतात. वेल्डचं आयुष्य ढोबळमानाने ताणाच्या घनाच्या उलट प्रमाणात चालतं. ताण 20 टक्के कमी केला तर आयुष्य जवळजवळ दुप्पट. पण भाराचा अंदाज 20 टक्के कमी धरला गेला, तर खरं आयुष्य हिशेबापेक्षा 40 टक्क्यांहून जास्त घटतं. म्हणून "ही दांडी पाच हंगाम टिकेल" असं मोजमापाशिवाय छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. "ही त्या दांडीपेक्षा बरी" एवढं मात्र खात्रीने सांगता येतं.

एफईएच्या रंगीत चित्रालाही भुलू नका, त्यात जास्त ताणाची जागा लाल दिसते. एकदा आतल्या काटकोनी कोपऱ्यात लालभडक ठिपका दिसला. जाळी, म्हणजे तुकड्यांचा आकार, 4 मिलिमीटरची होती. ती 2 ची केली तर ताण वाढला, 1 ची केली तर आणखी वाढला. मालक तिथे प्लेट वाढवायला निघाले होते. पण पूर्ण धारदार कोपऱ्यात गणिताने ताण अनंताकडेच जातो, जाळी जितकी बारीक तितका आकडा मोठा. तो आकडा वाचायचाच नसतो.

दुसरा मार्ग एमबीडी (मल्टीबॉडी डायनॅमिक्स). यात ट्रॅक्टर, ट्रॉली, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), हुक, टायर हे सुटे भाग सांध्यांनी जोडून अख्खी गाडी संगणकात चालवतात. जोड-ट्रॉली (एकामागे एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या) वळणावर कशी झोलते, ब्रेकला मागची पुढचीला किती रेटते, कधी उलटेल, हे तो सांगतो. चीर कुठे जाईल ते सांगत नाही, पण एफईएला लागणारा भार यातूनही मिळू शकतो. अडचण माहितीची. टायरचे गुणधर्म छोट्या कारखानदाराला सहसा मिळत नाहीत. बाकीचं बरंच मात्र स्वतःच मोजता येतं. वजनकाट्यावर आधी पूर्ण ट्रॉली, मग एकच अ‍ॅक्सल चढवा, म्हणजे गुरुत्वमध्य किती पुढे-मागे आहे ते कळतं. पाट्यावर मोजकं वजन ठेवून तो किती दबतो ते पट्टीने मोजा.

खर्चाचं थोडक्यात: फ्रीकॅड या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅल्क्युलिक्स हा गणित सोडवणारा प्रोग्राम वापरून चॅसीचं साधं एफईए फुकट होतं, बऱ्यापैकी लॅपटॉप पुरतो. प्रोजेक्ट क्रोनो एमबीडीसाठी फुकट आहे, पण त्याला कोडिंग येणारा माणूस हवा. विकतच्या सॉफ्टवेअरचा परवाना लाखांत जातो. वर्षाला एक-दोन डिझाइन करणाऱ्याने तो घेऊ नये, काम बाहेर द्यावं. आणि जिथे प्रमाणपत्र लागतं तिथे पुण्याच्या एआरएआय किंवा अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) व्हीआरडीईसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडे जावंच लागतं.

माझा कौल असा. जुनीच ट्रॉली, जुनीच चीर असेल तर एमबीडीच्या वाटेला जाऊ नका. दांडीवर चीर येते त्या जागेपासून थोडं दूर, स्वच्छ पत्र्यावर स्ट्रेन गेज (पत्रा किती ताणला जातो ते मोजणारी पट्टी) चिकटवून भरलेली ट्रॉली एक दिवस नेहमीच्या रस्त्यावर फिरवा. त्या मोजमापातून निघालेला भार घेऊन एफईएमध्ये तीन-चार पर्याय ताडून पाहा आणि सरस ठरेल त्याच्या दोनच ट्रॉल्या हंगामात सोडा. पाटे बदलत असाल, डंपिंगची ट्रॉली किंवा नवी जोड-ट्रॉली काढत असाल, तर मात्र एमबीडी आधी. उलटण्याची परीक्षा रस्त्यावर माणूस बसवून घ्यायची नसते.

काम बाहेर दिलंत तर अहवालातली चित्रं बाजूला ठेवून आधी दोनच गोष्टी विचारा: भार कुठून घेतला, आणि हुक व चाकं मॉडेलमध्ये कशी धरली?