नागपुरात दातांची साधी तपासणी : आधी असिस्टंट ताईंच्या हाताकडे बघा

रामदासपेठ, धंतोली, धरमपेठ, सक्करदरा, मानेवाडा रोड, कुठेही फिरा, दर चौकात दाताच्या दवाखान्याची एक पाटी दिसतेच. शिवाय हिंगणा रोडकडे दोन खासगी डेंटल कॉलेजं आहेत आणि मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारात १९६८ सालापासूनचं शासकीय दंत महाविद्यालय आहे. इथे कोणा एका दवाखान्याला तारे द्यायचे नाहीत. वर्षातून एकदोनदा करायची तपासणी आणि क्लिनिंग या सेवेत स्टाफकडून काय मिळायला हवं, शहरात ते कितपत मिळतं आणि कुठे हात आखडला जातो, एवढंच बघायचंय. दुखणारी दाढ घेऊन गेलेला माणूस असल्या गोष्टी बघण्याच्या अवस्थेत नसतो. साध्या तपासणीला गेलेला बघू शकतो.

रिसेप्शनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एसी, मासिकं, मत्स्यटाकी यांचा दातांशी संबंध नाही. फोनवर दोन प्रश्न आले तर बरं समजा: ‘काही दुखतंय की फक्त तपासणी?’ आणि ‘शुगर-बीपीच्या गोळ्या सुरू आहेत का?’ मधुमेहींना सकाळची वेळ देणारा आणि ‘नाश्ता करून, गोळी घेऊन या’ असं बजावणारा काउंटर आपलं काम जाणतो. उपाशीपोटी खुर्चीत बसलेल्या मधुमेहीची साखर उतरून त्याला घेरी येऊ शकते. भिंतीवर डॉक्टरांची पदवी आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक दिसायला हवा. नसेल तर विचारावा, त्यात संकोच कसला?

केसपेपर मात्र नीट भरून घेतला पाहिजे, आणि खासगी दवाखान्यांत सर्वात जास्त घाई इथेच होते. नाव, वय, मोबाइल, झालं! खरं तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हृदयाची बदललेली झडप, हाडं ठिसूळ होण्यावरची औषधं, गरोदरपण, कोणत्या औषधाची ॲलर्जी, हे सगळं तोंडात आरसा घालण्याआधी विचारायचं असतं. कृत्रिम झडप असलेल्याला क्लिनिंगच्या आधी अर्धा ते एक तास अँटिबायोटिकचा डोस लागतो. हृदयाचे असे मोजके आजार सोडले तर बाकीच्यांना तो लागत नाही, तेव्हा क्लिनिंगला आलेल्या प्रत्येकाच्या हातात पाच दिवसांचा कोर्स ठेवत असतील तर कशासाठी ते विचारा. रक्त पातळ करणारी गोळी मनानेच बंद करून येऊ नका. ती थांबवायची की नाही हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरतं.

आपल्या भागात आणखी दोन प्रश्न हवेतच. पहिला खर्र्याचा, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूचा, आणि तोही दरडावून नाही. ‘तंबाखू वगैरे काही?’ असं मोघम विचारलं की माणूस ‘नाही’ म्हणून मोकळा होतो, कारण त्याच्या लेखी खर्रा म्हणजे तंबाखू नाहीच. ‘दिवसाला किती पुड्या, आणि कोणत्या गालात धरता?’ असं विचारलं की खरं उत्तर येतं. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण ठेल्यावर डोळ्यांदेखत घोटून दिलेल्या सुपारी-तंबाखू-चुन्याने गालाची आतली कातडी ताठ व्हायची थांबत नाही. दुसरा प्रश्न, लहानपण कोणत्या गावात गेलं? यवतमाळ, चंद्रपूर आणि नागपूर जिल्ह्यांतल्या काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅम ही त्याची वरची मर्यादा. दात जबड्यात तयार होत असताना असं पाणी पोटात गेलं, तर दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे येतात. हे डाग दाताच्या आत असतात, कितीही क्लिनिंग केलं तरी जात नाहीत. हा प्रश्न न विचारता ‘चकाचक करून देतो’ म्हणणाऱ्याकडून पुढे निराशाच होते.

आता ट्रे. या सगळ्या परीक्षणाचा कस इथेच लागतो, म्हणून जरा थांबून बघा. तपासणीसाठी लागतो तो पीएमटी सेट: प्रोब, मिरर आणि ट्वीझर. ही तीन हत्यारं एका बाजूने कागद आणि दुसऱ्या बाजूने पारदर्शक प्लास्टिक असलेल्या बंद पाऊचमध्ये असावीत, आणि ते पाऊच तुमच्यासमोर फाडलं जावं. पाऊचच्या कडेला एक छोटी पट्टी असते. ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, गेल्यावर तिचा रंग बदलतो. न बदललेल्या रंगाचं पाऊच उघडलं जात असेल तर तिथेच थांबवा. रंग बदलला म्हणजे पाऊच तापलं एवढंच कळतं, जंतू मेले की नाही याची खात्री वेगळ्या बीजाणू-चाचणीने होते. ती आठवड्यातून एकदा करतात का, हे विचारलं की चांगल्या दवाखान्यातल्या ताई वही काढून दाखवतात आणि बाकीच्या ठिकाणी डॉक्टरांकडे बघतात.

ऑटोक्लेव्ह म्हणजे दाबाखालची वाफ: १२१ अंशांवर १५ ते २० मिनिटं, किंवा १३४ अंशांवर तीनचार मिनिटं. त्यात तापायचा आणि वाळायचा वेळ धरला तर एक फेरी सहज पाऊण तासाची होते. म्हणजे तासाला सहा पेशंट बघणाऱ्याकडे हत्यारांचे तेवढे सेट हवेत. नसतील तर मधे काहीतरी गाळलं जातंय, हिशोब सरळ आहे. उकळत्या पाण्याचा डबा म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. निळा दिवा लावलेली यूव्हीची पेटी तर नागपुरात जागोजागी दिसते आणि पेशंटवर छाप चांगली पाडते. ती फक्त आधीच निर्जंतुक केलेली हत्यारं ठेवायची कपाटं. किरण जिथे पडतात तिथेच काम करतात, चिमट्याच्या सांध्यात पोहोचत नाहीत. एअरोटर, म्हणजे दात कोरायचं ते सुईं-सुईं मशीन, नुसतं स्पिरिटने पुसून पुढच्या तोंडात जाऊ नये. तेही ऑटोक्लेव्हमध्ये जायला हवं.

असिस्टंट ताईंच्या ग्लव्हजकडे लक्ष ठेवा. सर्रास होणारी चूक अशी: तोंडात सक्शन धरलेलं असतं, काउंटरवर फोन वाजतो, त्याच ग्लव्हजनी फोन उचलला जातो, मग खण उघडला जातो, आणि हात परत तुमच्या ओठांपाशी. यात ताईंचा दोष कमी आणि एकाच माणसावर तीन कामं टाकणाऱ्याचा जास्त. ग्लास, छातीवरचा नॅपकिन आणि सक्शनची नळी दर पेशंटला नवी हवी. दोन पेशंटच्या मधे पाण्याच्या नळ्या वीस ते तीस सेकंद मोकळ्या सोडून धुवायच्या असतात. तुम्ही खुर्चीत बसता बसता ताई मशीन बेसिनमध्ये धरून नुसतंच पाणी सोडताना दिसल्या, तर वेळ वाया घालवत नाहीयेत, उलट त्यांना पैकीच्या पैकी गुण. कचरा बघायचा तर सुई पांढऱ्या कडक डब्यात, ग्लव्हज-प्लास्टिक लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत हे रंग ठरवून दिलेत.

तपासणी खुद्द डॉक्टरांनी करायची. दातांचे आकडे मोठ्याने उच्चारले जावेत आणि ताईंनी ते लिहून घ्यावेत. ‘छत्तीस’ म्हणजे खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ: पहिला आकडा तोंडाच्या चतुर्थांशाचा, दुसरा मधल्या रेषेपासून मोजलेल्या दाताचा. हिरडीची खोली बारीक गोल टोकाच्या प्रोबने दाताभोवती फिरून मोजतात. एक ते तीन मिलिमीटर ठीक, चार आणि वर असेल तर तिथे कीटण, म्हणजे दातावर साचून कडक झालेला थर, आत उतरलेलं असू शकतं. हे मोजमाप न करता ‘हिरड्या खराब आहेत’ असं सांगितलं तर ते मत झालं, तपासणी नव्हे. खर्रा खाणाऱ्याचं तोंड किती उघडतं हेही बघायला हवं. स्वतःची तीन बोटं उभी आत गेली पाहिजेत. दोनच जात असतील, गाल आतून पांढुरका आणि दोरीसारखा लागत असेल, तिखट झोंबत असेल, तर क्लिनिंग बाजूला राहू द्या, आधी त्याबद्दल बोलणं व्हायला हवं. पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर तुकडा तपासायला पाठवायचा असतो. जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा कापसाने जीभ धरून बघतात. पुष्कळ ठिकाणी हे होतच नाही, आणि याला एक मिनिटही लागत नाही.

एक्स-रे दर तपासणीला लागतो असं नाही. एका दाताचा हवा असेल तर सेन्सरवर नवं प्लास्टिकचं कव्हर चढतंय ना बघा. तो सेन्सर ऑटोक्लेव्हमध्ये टाकता येत नाही, त्यामुळे सगळी भिस्त त्या कव्हरवर. सगळ्या दातांचा ओपीजी काढायला सांगितला तर कोणत्या शंकेसाठी, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

क्लिनिंग ताईंनी करायचं नाही. प्रशिक्षित, नोंदणीकृत हायजिनिस्ट करू शकतात, पण आपल्याकडे त्या विरळाच, त्यामुळे डॉक्टरांनीच करायचं. अल्ट्रासोनिक टोक सेकंदाला पंचवीस ते तीस हजार वेळा थरथरतं आणि कीटण फोडतं. टोक दाताला कडेने, हलकं लागलं पाहिजे. टोकाने दाबून घासलं तर दातावर ओरखडे पडतात आणि कळही येते. हिरडीच्या वर दिसणारं कीटण काढायला साधारण अर्धा तास, मग रबरी कपने पॉलिश. पॉलिश गाळलं की खरखरीत जागी कीटण पुन्हा लवकर धरतं. दहा मिनिटांत ‘झालं’ म्हटलं तर पुढच्या खालच्या दातांची आतली बाजू जिभेने चाचपा. सगळ्यात जास्त कीटण तिथेच जमतं आणि तिथेच राहून जातं. खोल कीटण असेल तर बधिर करून दोन बैठकी लागतात. बधिर करण्याच्या इंजेक्शनआधी बीपी मोजणं हा शिरस्ता असावा.

घरी पाठवताना दोन वाक्यं हमखास सांगायला हवीत, नाहीतर ‘क्लिनिंगने दात हलतात’ ही जुनी समजूत आणखी पक्की होते. एक, कीटणाने भरलेल्या फटी आता मोकळ्या दिसतील. एखादा दात हलल्यासारखा वाटला तर तो आधीच सैल होता, कीटणाने त्याला धरून ठेवलं होतं. दोन, काही दिवस गार लागेल. मे महिन्यात माठातलं पाणी आणि बर्फाचा गोळा जरा जपून, आणि तिखट सावजी जेवण एक दिवस पुढे ढकला, हिरड्या ओल्या असतात. ब्रश मात्र त्याच रात्री करायचा, मऊ दात्यांचा.

सरकारी की खासगी? शासकीय दंत महाविद्यालयात किंवा खासगी कॉलेजांत सोबत पुस्तक न्या. आधी ओरल मेडिसिनच्या, म्हणजे तोंडाच्या आजारांच्या, ओपीडीत तपासणी, मग केसपेपर घेऊन हिरड्यांच्या विभागात. काम विद्यार्थी किंवा इंटर्न करतात, वर शिक्षकांची नजर आणि सही. प्रत्येक टप्प्यावर सर किंवा मॅडम येईपर्यंत तोंड उघडून बसावं लागतं. पण प्रश्न विचारण्यात आणि मोजमापात विद्यार्थ्यांचा हात कोणी धरत नाही, कारण त्यांना केस पूर्ण लिहून दाखवायची असते, त्यांचा कोटाही त्यावर भरतो. ज्यांच्या हाताशी अर्धा दिवस आहे, त्यांना साध्या तपासणीसाठी कॉलेजच सुचवावं. नोकरी सांभाळून जाणाऱ्याने घराजवळचा असा खासगी दवाखाना धरावा जिथे पाऊच समोर फाडतात. खर्रा खाणाऱ्याने मात्र थेट कॉलेज गाठावं, तोंडातले चट्टे ओळखणारा वेगळा विभागच तिथे आहे.

निघताना बिलाआधी कागद मागा. ‘चार दाढांना कीड, एक कॅप’ असं तोंडी चालणार नाही. कोणत्या आकड्याची दाढ, आज करायचं की सहा महिने थांबून चालेल, आणि प्रत्येकाचे पैसे किती, हे लिहून. एक्स-रेची प्रत मोबाइलवर घ्या. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर तोच एक्स-रे पुन्हा काढावा लागत नाही.