तोल सावरण्यासाठी: मेंदूला विद्युत उत्तेजन की व्यायाम?

नागपूरच्या धरमपेठेतील आमच्या शेजारच्या ताईंच्या आई वर्षभरात दोनदा पडल्या, तेव्हा त्यांना डोक्यावर इलेक्ट्रोड लावून सौम्य वीजप्रवाह देण्याचा उपचार करावा की फिजिओथेरपिस्टकडे व्यायाम शिकावा, असा प्रश्न ताईंपुढे उभा राहिला.

पुराव्याच्या बाबतीत फरक मोठा आहे. कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2019 च्या आढाव्यात शंभराहून अधिक चाचण्या एकत्र तपासल्या असता, व्यायामामुळे वृद्धांच्या पडण्याचे प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. विद्युत उत्तेजनात साधारण 1 ते 2 मिलिअँपिअर प्रवाह सुमारे वीस मिनिटे अनुमस्तिष्कावर (तोल सांभाळणाऱ्या, मेंदूच्या मागच्या भागावर) किंवा मेंदूच्या पुढच्या भागावर दिला जातो. मात्र त्यावरील अभ्यास लहान असून निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. तोलाच्या मोजमापात सुधारणा दिसली तरी पडणे थांबतेच, हे त्यातून सिद्ध होत नाही, आणि घरच्यांना काळजी पडण्याचीच असते.

खर्च व्यायामाचा कमी. चिकाटी मात्र जास्त लागते. नागपूरच्या उन्हाळ्यात तो पहाटे किंवा घरातच, भक्कम आधाराजवळ करावा. उत्तेजनाने त्वचेला खाज किंवा डोकेदुखी होऊ शकते; कवटीत धातू असल्यास किंवा फिट येत असल्यास ते परस्पर घेऊ नये.

चालू शकणाऱ्या, वारंवार पडणाऱ्या ज्येष्ठांसाठी व्यायामच योग्य, अर्थात औषधे आणि दृष्टी तपासून घेतल्यावर. उत्तेजनाचा विचार न्यूरॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली, शक्यतो संशोधन-चाचणीत आणि व्यायामाच्या जोडीनेच करावा.