रामबागेतली नाट्यखेळांची शिबिरं – मुलीला घातलं, अनुभव सांगते

माझी मुलगी १२ वर्षांची, घरात अखंड बडबड आणि चार लोकांसमोर एकदम गप्प. म्हणून उन्हाळ्यात इथे इंदूरला रामबागेजवळच्या एका शिबिरात घातलं. मला वाटलं होतं पहिल्याच दिवशी संवाद पाठ करायला देतील, पण दहा दिवस नुसते खेळच, आणि खरं सांगते तेच सगळ्यात भारी होतं.

आरशाचा खेळ मी दारात उभी राहून बघितला. दोघं समोरासमोर, एक हळूहळू हात उचलतो आणि दुसरा आरशासारखं तसंच करतो, मग ताई मधेच म्हणतात 'बदला', आणि थोड्या वेळाने कोण कोणाला चालवतंय तेच कळेना! तेवढा वेळ माझ्या पोरीला कोण बघतंय याचं भानच नव्हतं, मला तर भरूनच आलं. हे खेळ अमेरिकेतल्या नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिनबाईंच्या कामातून आलेत असं ताईंनी सांगितलं, त्यांनी शिकागोत बाहेरून आलेल्या गरीब कुटुंबांच्या मुलांसोबत ते घडवले, भाषा अडली तरी खेळता येतात. आमच्या गटात निम्मी मुलं हिंदीच बोलणारी, त्यामुळे ते लगेच पटलं.

दुसरा खेळ, नसलेल्या गरम पोह्यांची बशी हातोहात द्यायची. एकाने फुंकर मारली तर पुढच्याचीही बोटं खरंच भाजल्यासारखी!

तक्रार एकच, एका ताईंकडे २५ मुलं म्हणजे खूप होतात, लाजाळू मुलं मागे राहतात. बॅच लहान करा, प्लीज. पुढच्या वर्षी परत पाठवणार हे नक्की.