निवडलेली जावा क्लास फाइल चालवायची कुठे: त्याच जेव्हीएममध्ये की वेगळ्या प्रोसेसमध्ये?

क्लास फाइल म्हणजे संकलित केलेला जावा कोड, जेव्हीएम म्हणजे तो चालवणारे जावाचे आभासी यंत्र आणि प्रोसेस म्हणजे संगणकावर स्वतंत्रपणे चालणारा प्रोग्राम. हा प्रश्न कोल्हापुरात माझ्यासमोर दोन ठिकाणांहून आला. एका अभियांत्रिकी महाविद्यालयाला प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्यांच्या क्लास फाइल निवडून चालवणारा प्रोग्राम हवा होता, तर शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीला कास्टिंगचा दर काढण्याचे सूत्र बाहेरच्या क्लासमधून घ्यायचे होते. काम वरवर एकच दिसते. तरी मी दोघांना वेगवेगळा सल्ला दिला, कारण आत येणारा कोड कोणाचा आहे यावर सारे अवलंबून असते.

फाउंड्रीसाठी युआरएल-क्लासलोडर, म्हणजे चालू प्रोग्राममध्येच बाहेरचा क्लास लोड करणारा जावाचा घटक, योग्य ठरतो. सूत्र लिहिणारा माणूस घरचाच असतो, आणि एका अंदाजपत्रकात तेच सूत्र शेकडो वेळा बोलवावे लागते. क्लास त्याच जेव्हीएममध्ये असल्याने ऑब्जेक्ट थेट देता-घेता येतात. मात्र मुख्य प्रोग्राम आणि सूत्र यांच्यातील सामाईक इंटरफेस मूळ लोडरनेच लोड झाला पाहिजे, कारण दोन लोडरांनी लोड केलेला एकाच नावाचा क्लास जावा दोन निरनिराळे क्लास मानते आणि एकाला दुसऱ्याच्या जागी वापरताना (कास्ट करताना) अपवाद, म्हणजे त्रुटी, फेकते. सूत्र बदलले की नवा लोडर तयार करावा आणि जुन्याचे, त्याच्या क्लासचे व ऑब्जेक्टचे सर्व संदर्भ सोडून द्यावेत, अन्यथा जुना क्लास मेमरीत तसाच राहतो. विंडोजवर जार फाइल (क्लास फाइलींचा गठ्ठा) अडकून राहू नये म्हणून जावा 7 पासून उपलब्ध असलेली क्लोज मेथड वापरावी.

परीक्षेसाठी मात्र हा मार्ग मी ठामपणे नाकारतो. विद्यार्थ्याने सिस्टम.एक्झिट (जेव्हीएम बंद करणारी आज्ञा) लिहिले असेल, तर परीक्षकाचा प्रोग्रामच बंद पडतो. लूप संपतच नसेल, तर तो थ्रेड (प्रोग्राममधील कामाचा प्रवाह) बाहेरून थांबवण्याचा भरवशाचा उपाय नाही; थ्रेडची स्टॉप मेथड जावा 20 पासून केवळ अपवाद फेकते. कोडला नको ती कामे करण्यापासून रोखणाऱ्या सिक्युरिटी मॅनेजरचा जुना आधारही गेला आहे: जावा 17 मध्ये तो कालबाह्य ठरवला गेला आणि 24 मध्ये कायमचा निकामी करण्यात आला.

येथे प्रोसेस-बिल्डरने (नवी प्रोसेस सुरू करणाऱ्या जावाच्या क्लासने) वेगळे जेव्हीएम सुरू करावे, त्याच्या मेमरीला मर्यादा घालावी, ठरावीक सेकंद वाट पाहावी आणि काम न संपल्यास ते सक्तीने बंद करावे. आउटपुट सतत वाचत राहणे आवश्यक आहे, कारण पाइप (आउटपुट परीक्षकाच्या प्रोग्रामकडे नेणारा मार्ग) भरला की बरोबर लिहिलेला प्रोग्रामही तेथेच थांबतो आणि विद्यार्थ्याचे गुण विनाकारण जातात. प्रत्येक वेळी जेव्हीएम सुरू होण्यास थोडा वेळ लागतो, पण परीक्षेत तो सहज परवडतो. तथापि वेगळी प्रोसेस म्हणजे पूर्ण सुरक्षितता नव्हे: तिला त्याच खात्याचे सर्व अधिकार मिळतात, म्हणून ती मर्यादित अधिकारांच्या खात्यावर चालवावी.

एक अडचण दोन्ही मार्गांत सारखीच येते. वापरकर्ता फाइल निवडतो, तर जावाला पॅकेजसह (क्लास ज्या गटात आहे त्याच्या नावासह) पूर्ण नाव लागते. 'बिल' पॅकेजमधील 'हिशोब' क्लास निवडला, तर क्लासपाथ (जावा क्लास जेथे शोधते तो मार्ग) 'बिल' फोल्डरचा नव्हे, त्याच्या वरच्या फोल्डरचा द्यावा लागतो. फाइलच्या नावावरून अंदाज बांधला तर चुकीच्या नावाची तक्रार येते. खरे नाव क्लास फाइलमध्येच नोंदलेले असते आणि जावा 24 पासून क्लास फाइल वाचण्याची अधिकृत सोयही आहे. शिवाय सातवा व आठवा बाइट आधीच तपासावा: तेथे 65 असेल, तर तो क्लास जावा 21 साठी संकलित केलेला आहे आणि प्रयोगशाळेतील जावा 17 वर चालणार नाही.

परीक्षकाला संपूर्ण प्रोग्राम न चालवता एखादी मेथड वेगवेगळी मूल्ये देऊन तपासायची असेल, तर दोन्ही मार्ग एकत्र आणावेत: वेगळ्या प्रोसेसमध्ये आपला छोटा तपासनीस प्रोग्राम चालवावा आणि विद्यार्थ्याचा क्लास त्याने स्वतःच्या क्लासलोडरने लोड करावा.