तीस हजारांत नवा अँड्रॉइड की वापरलेला आयफोन?

भाचीचं घर डोंबिवलीला, कॉलेज माटुंग्याला. गेल्या महिन्यात तिने विचारलं, "मामा, तीस हजार जमलेत. नवा अँड्रॉइड घेऊ की सेकंडहँड आयफोन १३?" फोनवर दिलेलं उत्तर घाईचं होतं. तिच्यासारखे बरेच जण याच पेचात असतात, म्हणून नीट मांडतो.

माझा कौल नव्या अँड्रॉइडला, पण एका अटीवर: त्या मॉडेलला किती वर्षं अपडेट मिळणार, हे कंपनीने जाहीर केलेलं असायला हवं. पाच वर्षांपूर्वी हाच प्रश्न आला असता तर मी बिनदिक्कत आयफोन म्हटलं असतं. तेव्हा मधल्या किमतीच्या अँड्रॉइडला दोन-तीन वर्षांत वाऱ्यावर सोडत. ॲपल मात्र जुन्या फोनलाही नवी आयओएस, म्हणजे आयफोनची सिस्टीम, देत राहायचं.

चित्र पालटलं ते ऑक्टोबर २०२३ मध्ये. गूगलने पिक्सेल ८ ला सात वर्षं अपडेट देऊ केली. जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ ला तेवढीच दिली. हे महागडे फोन होते, पण त्याच वर्षी सॅमसंगच्या ए१६ फाइव्ह-जीसारख्या स्वस्त फोनलाही सहा वर्षांचा शब्द मिळाला आणि २०२५ मध्ये ए३६, ए५६ ला तोच. युरोपीय संघाने जून २०२५ पासून नियमच केला की मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट द्यायची. तो नियम आपल्याकडे लागू नाही. पण जी कंपनी तिथे विकते, तिला ते काम करावंच लागतं. मेगापिक्सेल आणि रॅमवरून चालणारी चुरस आता वर्षांवर आली आहे, आणि मधल्या बजेटच्या माणसासाठी गेल्या दहा वर्षांत याहून चांगली गोष्ट घडलेली नाही.

आता आयफोन १३ बघू. तो सप्टेंबर २०२१ चा. ॲपलने २०२५ च्या आयओएस २६ मधून आयफोन एक्सआर आणि एक्सएस वगळले. ते २०१८ चे, म्हणजे त्यांना सात वर्षं मिळाली. तोच हिशोब धरला तर १३ ची गाडी २०२८ च्या आसपास थांबेल. आज तुमच्या हातात येणारा फोन अर्ध्याहून जास्त आयुष्य दुसऱ्याच्या खिशात काढून आलेला असतो.

आकडे उदाहरणादाखल धरतो. नवा अँड्रॉइड २८ हजारांचा. अपडेटची वर्षं फोन बाजारात आल्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. म्हणून सहातली पाचच धरली. वर्षाला ५,६०० रुपये पडले. वापरलेला आयफोन २६ हजारांना घेतला, तीन वर्षं वापरला आणि सहा हजारांना विकला, तर वर्षाला साडेसहा हजारांच्या वर. त्यात नव्या बॅटरीचा खर्च धरलेला नाही. पुन्हा विकताना आयफोनला भाव जास्त येतो, हे खरं आहे. तरीही पारडं फिरत नाही.

पैशांपेक्षा मला जास्त काळजी पावसाची वाटते. दोन वर्षांपूर्वी मी एका दुकानातून वापरलेला फोन घेतला होता. दिसायला कोरा करकरीत, बॅटरी शंभर टक्के. जुलैत ठाणे स्टेशनवर भिजलो आणि संध्याकाळपर्यंत कॅमेऱ्याच्या काचेआड बाष्प जमलं. कारण साधं होतं: बॅटरी बदलायला फोन उघडला होता आणि पाणी अडवणारं सील पुन्हा नीट बसवलेलं नव्हतं. दुकानदाराने हात वर केले. डब्ब्यावर आयपी६८, म्हणजे धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा, लिहिलेला असतो तो न उघडलेल्या फोनबद्दल. मुंबईतल्या मोबाइलच्या मनीष मार्केटपासून तुमच्या नाक्यावरच्या दुकानापर्यंत, उघडलेला फोन पावसाच्या चार महिन्यांत जपूनच वापरावा लागतो.

आयफोन जिंकतो कुठे? व्हिडिओत, आणि तिथे मी वाद घालणार नाही. भाची नाचाच्या ग्रुपमध्ये आहे, रील काढते. त्यासाठी १३ चा व्हिडिओ आजही या किमतीच्या बहुतेक नव्या फोनपेक्षा सरस वाटतो. घरात आयपॅड किंवा मॅक असेल तरी आयफोन सोयीचा. एक बारीकशी अडचण: १३ आणि १४ ला जुनी लाइटनिंग केबल लागते, यूएसबी-सी आलं ते २०२३ च्या १५ पासून. कसारा लोकल रखडली की शेजारच्या बाईकडे पॉवर बँक असेल, पण तुमची केबल असेलच असं नाही.

"दिवाळीपर्यंत थांबू का?" हाही तिचा प्रश्न होता. नको. सप्टेंबर २०२५ मध्ये मोठे टीव्ही आणि एसी यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, पण मोबाइल आधीपासून १८ वरच होता. तिथे काही सुटलं नाही. वर मेमरी चिप महागल्या आहेत. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी मेमरी बनवण्यात कंपन्यांना जास्त पैसा दिसतो. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. तो भार फोनच्या किमतीवर येतो, नाहीतर त्याच किमतीत रॅम कमी मिळते. म्हणून आठ जीबीच्या खाली उतरू नका. पाच वर्षं फोन चालवायचा तर चार जीबी पुरणार नाही.

एक धोका नव्या फोनलाही आहे. शब्द देणारी कंपनी टिकायला हवी. नोकियाने २०१४ मध्ये आपला फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला देऊन टाकला, एलजीने एप्रिल २०२१ मध्ये फोनचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणून नवख्या ब्रँडच्या सात वर्षांपेक्षा, ज्याचं सर्व्हिस सेंटर तुमच्या स्टेशनजवळ आहे त्याची सहा वर्षं मला जास्त मोलाची वाटतात.

इतकं सांगूनही भाचीचा जीव व्हिडिओत अडकलेला आहे आणि मला ते पटतं. त्या वाटेने जाणाऱ्यांनी दुकानात एवढं करा. सेटिंगमध्ये जनरल, मग अबाउट उघडा; स्क्रीन किंवा बॅटरीसमोर 'अननोन पार्ट' दिसलं तर तो फोन सोडा. *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढा, इंग्रजीत KYM लिहून त्यापुढे तो नंबर १४४२२ वर एसएमएस करा. चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला फोन तिथे कळतो. पक्कं बिल घ्या, त्यावर आयएमईआय लिहून घ्या. आणि विकणाऱ्याने तुमच्यासमोर आपलं ॲपल खातं काढून 'फाइंड माय' (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद केल्याशिवाय जीपे उघडू नका.