प्लेटलेट दान: पुण्यातल्या एका रक्तपेढीतले कर्मचारी
सुई टोचण्यात इथल्या सिस्टर पक्क्या. दोन्ही हात चाचपून जाड, सरळ शीर सापडल्याशिवाय किट उघडत नाहीत. हिमोग्लोबिन किमान १२.५, प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) दीड लाखांच्या वर, तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन नाही, हे आधीच तपासतात. मशीन रक्तातल्या प्लेटलेट काढून घेतं आणि बाकीचं रक्त शरीरात परत सोडतं, त्यात तास-दीड तास जातो. रक्त गोठू नये म्हणून मिसळलेल्या सायट्रेटमुळे शरीरातलं कॅल्शियम उतरतं, ओठांना मुंग्या येतात. सांगताच परतीचा वेग कमी करून कॅल्शियमची गोळी चघळायला देतात. फार दिलासा वाटतो! पण दुपारी पाळी बदलताना खुर्चीजवळ कोणीच नसतं, ते खटकतं. रक्त परत येताना सुई सरकली की हात सुजतो, नेमका तेव्हाच माणूस हवा. शक्यतो सकाळी जा, नाश्ता करून.