भोंगा वाजला, म्हणून मी फसलो

बँकेत कॅशियर म्हणून ३१ वर्षं काढली. काउंटरखाली, उजव्या पायाशी अलार्मचं बटण असायचं. आमच्या शाखेत दर सोमवारी कुलूप उघडल्यावर पहिलं काम ठरलेलं. शिपाई ते बटण दाबायचा, भोंगा कोकलायचा, समोरचा पानवाला दचकल्याचं नाटक करायचा आणि मॅनेजर अलार्म रजिस्टरात सही करायचे. एखाद्या सोमवारची नोंद राहिली, तर ऑडिटवाला नेमकं तेच पान उघडून बसायचा. एवढं सगळं जन्मभर पाहिलेल्या माणसाला अमरावतीत, स्वतःच्या घरात, अलार्म म्हणून खेळणं विकलं गेलं, तेही २७,५०० रुपयांना. हे लिहायला बरं वाटत नाही. पण आमच्या गल्लीत ११ घरं बुडाली आणि तोंड उघडायला कुणी तयार नाही, म्हणून मीच लिहितो.

२०२४ ची दिवाळी. गल्लीच्या टोकाच्या घरातली मंडळी दोन दिवस शेगावला दर्शनाला गेली होती. परत आली तर कडी-कोयंडा उचकटलेला, कपाट फोडलेलं, दागिन्यांच्या रिकाम्या डब्या पलंगावर. पुढचे तीन दिवस गल्लीत दुसरा विषय नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी आमच्या दारात एक पोरगा उभा. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. ओळखपत्रावर काय लिहिलं होतं ते मी वाचलं नाही. गळ्यात पट्टा दिसला की आपण माणसाला आत घेतो.

"काकाजी, विकाले नाही आलो. चोरी झाली ना, म्हणून एरियाचा सेक्युरिटी सर्व्हे सुरू आहे."

सर्व्हेचा छापील फॉर्म होता. घरात माणसं किती, गावाला कधी जाता, किती दिवस जाता, कपाट कोणत्या खोलीत, मागचं दार लाकडी की लोखंडी, कुत्रा आहे का. मी चष्मा लावून सगळं नीट भरून दिलं आणि खाली सही ठोकली. स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "अहो, त्याले हे सारं कायले सांगता?" मी तिलाच गप्प केलं. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण माझ्या अक्षरातला तो कागद आज कुणाच्या फायलीत आहे, या विचारानं अजून रात्री जाग येते.

मग टॅबवर व्हिडिओ दाखवून झाले. जर्मन टेक्नॉलॉजी. पुण्यात २४ तास चालणारी कंट्रोल रूम. थेट पोलीस स्टेशनला कनेक्शन. ५ वर्षांची ऑनसाइट वॉरंटी. किंमत ५२,०००, पण गल्लीतल्या पहिल्या दहा घरांना २७,५००, आणि तेही आजच्या आज. वर हळूच म्हणाला, "समोरच्या काकाजींनी सकाळीच बुक केलं." समोरचे म्हणजे निवृत्त नायब तहसीलदार, एक रुपया सुटा देताना दोनदा मोजणारे. त्यांनी घेतलं म्हणजे पारखूनच घेतलं असणार, असं मी धरून चाललो. पुढे कळलं की त्यांना त्यानं माझं नाव सांगितलं होतं. "बँकवाल्या काकाजींनी घेतलं." आम्ही दोघं एकमेकांच्या अकलेवर विसंबून खड्ड्यात उतरलो. मधला रस्ता फक्त वीस फुटांचा, पण ओलांडून विचारावंसं दोघांनाही वाटलं नाही.

१५,००० रुपये तिथल्या तिथे यूपीआयनं दिले. पैसे जाताना स्क्रीनवर कंपनीचं नाही, कुठल्याशा माणसाचं नाव आलं. विचारल्यावर म्हणाला, "ते आमचे अकाउंटंट आहेत." बँकेत कुणी मला असं सांगितलं असतं, तर मी पावती फाडलीच नसती.

दोन दिवसांनी दोघं पोरं आली आणि अडीच तासांत मोकळी झाली. हॉलमध्ये भलामोठा पत्र्याचा पॅनेल, दारा-खिडक्यांना ६ चुंबकवाले सेन्सर, खोल्यांच्या कोपऱ्यांत ३ हालचाल टिपणारे, ज्याला ते पीआयआर म्हणत होते, आणि बाल्कनीत भोंगा. एकाही ठिकाणी ड्रिल चाललं नाही, सगळं दुहेरी टेपवर चिकटवलेलं. भिंतीला भोक पडलं नाही म्हणून ही खूश झाली. तेवढ्यापुरती.

मग प्रात्यक्षिक. त्यातल्या एकानं पुढचं दार उघडलं आणि जो काही आवाज फुटला, बाप रे! शेजारच्या घरातलं बाळ रडायला लागलं. लगेच माझा मोबाईल वाजला, पॅनेलचा कॉल. दुसरा कॉल "कंट्रोल रूम"चा, एक बाई गोड आवाजात विचारत होती, सर, सब ठीक है? गल्ली गॅलरीत उभी राहून बघत होती. मला शाखेतला सोमवार आठवला आणि छाती फुगली. उरलेले १२,५०० मी रोख मोजून दिले.

त्या दिवशी जे जे त्यानं हातानं करून दाखवलं, तेवढंच त्या सिस्टीममध्ये खरं होतं. त्यानं पुढचं दार उघडलं, मागचं नाही. वीज सुरू होती. पॅनेलमधल्या सिमचं रिचार्ज ताजं होतं. मी पाहुण्यासारखा सोफ्यावर बसून बघत राहिलो. एवढं जरी म्हटलो असतो की बाबा, आता मेन स्विच पाडतो, मागून मी आत येतो, वाजवून दाखव, तर तो त्याच दिवशी उघडा पडला असता.

पुढचे चार महिने पालीचे होते. हॉलमधला सेन्सर रात्री दोन-अडीचला अचानक बोंब मारायचा. पाल सेन्सरच्या भिंगासमोरूनच फिरायची, आणि इतक्या जवळून गेलेली पाल त्या यंत्राला माणसाएवढी वाटते. समोरचे आमच्या घराला "भोंगेवाले" म्हणायला लागले. फोन केला तर एक पोरगा आला, आत काहीतरी फिरवलं, "सेन्सिटिव्हिटी कमी केली" म्हणाला आणि ५०० रुपये घेऊन गेला. ऑनसाइट वॉरंटीत "व्हिजिट चार्ज" येत नाही म्हणे. त्यानंतर तो सेन्सर पालीलाही वाजेना आणि पुढे मलाही.

खरा प्रकार कळला मे महिन्यात. मुलीकडे पुण्याला जाऊन १२ दिवसांनी घरी आलो. सिस्टीम चालू करून गेलो होतो. रिमोट हिच्या पर्समध्ये, पर्स मागे रिक्षात. मी विसरून मागचं दार उघडलं आणि आत पाऊल टाकल्यावर लक्षात आलं, आता वाजेल. दोन्ही हात कानांवर ठेवून उभा राहिलो. काही नाही. स्वयंपाकघरातून बेडरूममध्ये गेलो. कोपऱ्यातला सेन्सर लाल डोळा मिचकावत होता, पण वाजला नाही. कपाटाला हात लावला. हॉलमध्ये येऊन हात हलवले, उड्या मारल्या. ६३ व्या वर्षी स्वतःच्या घरात चोरासारखा नाचलो, आणि ही बॅग घेऊन दारात उभी राहून बघत होती. "आता गाणं पण म्हणता का?" एवढंच बोलली.

इन्व्हर्टर-यूपीएस दुरुस्त करणारा एक ओळखीचा मुलगा आहे, त्याला बोलावलं. त्यानं स्टूलवर चढून बेडरूमचा सेन्सर टेपसकट उपटला, नखानं कव्हर उघडलं आणि मला हाक मारली. भिंगाच्या मागे हालचाल टिपणारा डोळाच नव्हता. एक लाल दिवा, तो लुकलुकवणारी बोटभर पट्टी आणि सेल. तिसऱ्या खोलीतही तेच. तो म्हणाला, "काकाजी, सेलवर चालणारा खरा सेन्सर उगाच मिचमिच करत नाही, सेल पुरवून वापरतो. जो सारखा चमकतो, त्याच्यावरच पहिला संशय घ्यायचा."

पॅनेल उघडला. एवढ्या मोठ्या डब्यात पोस्टकार्डाएवढं सर्किट. बॅटरी १२ व्होल्टची होती, पण तिचं स्टिकर कोपऱ्यातून सुटलेलं. त्यानं ते ओढलं तर खाली दुसऱ्याच कंपनीचं जुनं स्टिकर आणि तारीख खरवडलेली. कुठल्यातरी यूपीएसमधून काढलेली. मीटरवर ठीक दाखवत होती, पण मेन स्विच पाडला तर चौथ्या मिनिटाला पॅनेल मेला. मागच्या लोखंडी दारावरचा चुंबकी सेन्सर असली होता, पण लोखंडाला सरळ चिकटवलेला. लोखंड चुंबकाचा जोर खेचून घेतं, मध्ये प्लास्टिकची जाड पट्टी द्यावी लागते किंवा लोखंडी दारासाठी वेगळा सेन्सर मिळतो, तो घ्यावा लागतो. हा काही दिवस कसाबसा चालला असेल, मग पॅनेलला दार कायमच उघडं दिसत असणार. म्हणून त्यांच्या पोरानं आतून तो झोनच, म्हणजे पॅनेलमधली त्या दाराची जोडणीच, बंद करून टाकली होती.

हॉलमधल्या एकुलत्या एक खऱ्या सेन्सरचं मात्र त्या मुलानं समर्थन केलं, आणि ही गोष्ट मला कुणी आधी सांगायला हवी होती. पीआयआर हालचाल बघत नाही, उष्णतेतला फरक बघतो. भिंती थंड, माणूस गरम, म्हणून चालणारा माणूस त्याला कळतो. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४४, आणि १२ दिवस बंद घरात आतही ३७-३८. म्हणजे भिंत आणि माणूस सारखेच गरम. चांगले सेन्सर तापमान पाहून स्वतःला सावरून घेतात, स्वस्तातले आंधळे होतात. दिवाळीत तपासलेला सेन्सर मे महिन्यात चालेलच असं विदर्भात तरी धरू नये. आणि आपण लांब गावाला जातो ते मे महिन्यातच.

सिमची वेगळीच कथा. रिचार्ज कधीच संपलेलं, आणि सिम कुणाच्या नावावर, ते मला आजही माहीत नाही. वाटलं, निदान आपलं जुनं जिओचं सिम टाकून बघू. तर पॅनेल फक्त २जीवर चालणारा, आणि जिओला २जी नाहीच. पासवर्ड त्यांनी टाकलेला, रिमोट दोन दिलेले. तिसरा त्यांच्याकडे असेल का, हे मी आता कुणाला विचारू?

"कंट्रोल रूम"चा नंबर बंद. बिलावर नागपूरचा पत्ता, पण जीएसटी नंबर २४ नं सुरू होणारा. महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो, २४ गुजरातचा. पंधरा अक्षर-आकड्यांचा नंबर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला तर कुठल्याशा कापड दुकानाचा निघाला, तोही रद्द झालेला. हे शोधायला मला चार मिनिटं लागली. ती चार मिनिटं १५,००० पाठवायच्या आधी काढली असती तर.

पोलीस स्टेशनला गेलो. हवालदार सभ्य होते. "काका, आमच्याकडे कुणाच्या घरचा अलार्म वाजायची सोयच नाही. चोर दिसला तर ११२ ला फोन करायचा, बस." अर्ज घेतला. १९३० वर सायबरला फोन केला, पण सहा महिन्यांनी काय होणार, तिथे फसल्या फसल्या तासाभरात गेलं तर पैसे अडवता येतात. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, ५ लाखांपर्यंत फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, हे सगळं छान आहे. पण समोरच्या पार्टीचा पत्ता लागतो. आमची नोटीस नागपूरहून "पत्ता अपूर्ण" असा शेरा घेऊन परत आली. आता यूपीआयवरच्या त्या "अकाउंटंट"च्या नावानं पुन्हा प्रयत्न चालू आहे.

तक्रारीवर सह्या मागायला फसलेल्या बाकीच्या घरी गेलो. चौघांनी केल्या. एका घरी म्हणाले, आमचा तर छान चालतो. मी म्हटलं, मेन स्विच पाडून बघा. म्हणाले, नको, कशाला. समोरचे नायब तहसीलदार तर म्हणाले, "मी घेतलाच नव्हता." त्यांच्या बाल्कनीत भोंगा दिसतो.

दसऱ्याला पुन्हा अलार्म बसवला. हो, हिची बोलणी खाऊन. या वेळी गावातल्याच दुकानदाराकडून, ज्याचं शटर मी वीस वर्षं बघतोय. पुढच्या-मागच्या दाराला वायरचे सेन्सर, आत दोनच पीआयआर, ४जी पॅनेल, सिम माझ्या नावावर, पासवर्ड मी टाकलेला. पक्क्या बिलावर बॅटरीचा सिरीयल नंबरसुद्धा लिहून घेतला. पैसे देण्याआधी मेन स्विच पाडून संध्याकाळपर्यंत बसलो. दुकानदाराला आधी राग आला, मग चहा मागवला. एकूण १८,००० च्या आत झालं.

आणि एक रजिस्टर घातलं. लांब, लाल पाठीचं, बँकेत असायचं तसलंच. दर महिन्याच्या १ तारखेला मी बाहेर जातो, ही सिस्टीम लावते आणि मी एकेका दारानं घुसतो. सहीचा अधिकार तिनं स्वतःकडे ठेवला आहे. मागच्या महिन्याची नोंद तिच्या अक्षरात अशी आहे: "पुढचं दार ठीक. मागचं ठीक. बेडरूम, वाजला नाही, हे खूप हळू चालले. पुन्हा चालायला लावलं. वाजला."